तीन नमुने, आठ दिवस

ऐक आधी. मध्ये बोलायचं नाही, काय विचारायचं ते शेवटी विचार. घराच्या माळ्यावरून दोन भावांनी वर्षभर अबोला धरला होता, ते तुला सांगून झालंय ना, हे त्याच्या नंतरचं. आणि त्याच्यापेक्षा भारी.

तर त्या घराला मागच्या बाजूला एक दार आहे आणि दाराबाहेर काहीच नाही. तीन महिन्यांपूर्वी होतं. कमरेइतक्या उंचीवर बारा पावलं लांब असा लाकडी डेक होता, समोर उतार, उताराच्या तळाशी पाणी. आता नुसते खांब उभे, पडलेल्या दातांनंतरच्या हिरड्यांसारखे. म्हणून दाराला आतून कडी, कडीला दोरी, आणि दोरीला आईने अडकवलेली चिठ्ठी, ‘बाहेर डेक नाही’. घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की डेक नाही, तरी धाकटा काका फोनवर बोलता बोलता दोनदा त्या दाराने निघालाच होता. दोन्ही वेळा दोरीने वाचवला.

नवा डेक बांधायचा हे ठरलेलं. नकाशा काढला फूटपट्टीने. फूटपट्टी म्हणजे त्या घरची मुलगी, मी आई, बाबा, काका म्हणते ते सगळे तिचेच, पाच वर्षांची असताना मांजर मोजायला गेली आणि ओरबाडून घेऊन आली, तेव्हापासून हेच नाव. आता चोवीस वर्षांची, बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात नोकरीला, आणि स्वतःची सही असलेला तिचा हा पहिला नकाशा. खांब तेच, तुळया नव्या, उंची, उतार, कठडा, सगळं पक्कं. एक रकाना तेवढा रिकामा. वर काय घालायचं.

कुठल्याही घरात हा एका दुपारचा प्रश्न असतो. या घरात नाही. कारण बाबा सुतार, धाकटा काका कॉम्पोझिटच्या फळ्या विकणारा, आणि आत्याचं टाइल्सचं दुकान. म्हणजे तिन्ही भावंडं पायाखालच्याच धंद्यात, आणि तिघांचे पाय एकमेकांच्या शेपटीवर.

काकाला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून ओतलेली फळी, हे तो भेटेल त्याला सांगायचा, मग त्या फळीवर चहा सांडून दाखवायचा, मग पुसून दाखवायचा. वाळवी नाही, कूज नाही, तेलपाणी नाही. आत्या यावर म्हणायची, म्हणजे प्लास्टिकच, फक्त शिकलेलं. तिचं म्हणणं टाइल घाला, खडबडीत, पाय न घसरणारी, झाडू मारा आणि विसरा. आणि बाबा म्हणायचे, लाकूड चांगलंच. एवढंच. तेही असं, की लाकूड वारलंय आणि हे भेटायला आलेत.

बाबांचंच सांगायचंय तुला. जुना डेक त्यांनीच घातला होता, सागवानाचा, एकेक फळी हाताने रंधा मारून. त्या डेकवर आजोबा बसायचे. आजोबांना पोटची पोरंसुद्धा मिस्त्री म्हणतात, पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस, डोळे आता गेल्यातच जमा, उजेड आणि सावली तेवढी कळते. पण डेकवर बसले की त्यांना डोळ्यांची गरजच पडायची नाही. फळी वाजली की कोण आलं ते सांगायचे. टाचेवर चालते ती आत्या, फरफटत येतो तो रेडिओ. त्यांचा दिवसभराचा पेपर म्हणजे तो आवाज.

आणि तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांच्या खुर्चीजवळची फळी मोडली आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. हाड जुळलं. माणूस नाही जुळला. खोलीत बसले ते बसलेच. बाहेर चला म्हटलं की म्हणायचे, बाहेर काय आहे. तसं खरंच काही नव्हतं.

बाबांनी त्या दिवसापासून रंध्याला हात लावला नाही. रोज फाटकाबाहेरच्या आपल्या कारखान्यात जायचे, कुलूप काढायचे, पेन्सिलींना टोकं काढायचे, कुलूप लावून परत यायचे. फूटपट्टी एकदा डबा द्यायला गेली तर टेबलावर चाळीस पेन्सिली, एकीनेही रेघ मारलेली नाही, सगळ्या भाल्यासारख्या. कामं परत जात होती. गिऱ्हाईक आलं की बाबा दुसऱ्या सुताराचा पत्ता द्यायचे, आणि वर त्या सुताराची स्तुती करायचे. आईने एकदा घरातलं एक कपाट मुद्दाम मोडलं, दुरुस्त करतील म्हणून. त्यांनी नवीन विकत आणलं. सुताराच्या घरात विकतचं कपाट.

तर नमुन्यांचं. मिस्त्रींचा एक जुना नियम होता, कुठलीही फळी घरात घ्यायच्या आधी आठ दिवस अंगणात ठेवायची. सकाळी एक बादली पाणी, दुपारी ऊन, संध्याकाळी सगळ्यांनी अनवाणी चालायचं. मिस्त्री म्हणायचे, खोटं लाकूड सात दिवस गप्प बसतं, आठव्या दिवशी बोलतं. आत्याने खोलीत जाऊन त्यांना विचारलं, आता तुम्हीच सांगा काय घालायचं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून म्हणाले, आठ दिवस ठेवा. नकाशावर सही फूटपट्टीची आहे, ठरवेल ती.

झालं. आता फूटपट्टीचे लाड सुरू. काकाने तिला गाडीतून फिरवून शहरातले सगळे कॉम्पोझिटचे डेक दाखवले, एका हॉटेलच्या डेकवर तर तो गुडघ्यावर बसून फळीला कान लावून ऐकत होता, वेटर पाणी घेऊन उभा. आत्याने तिला दोन जोडी चपला घेऊन दिल्या, टाइलवर घालून बघ म्हणून. आईचा पक्ष रोज बदलायचा, समोर जो असेल त्याच्या विरुद्ध. बाबांनी काहीच केलं नाही. वखारीतून सागवानाची एक फळी आणली, अंगणात ठेवली, आणि तिच्याकडे पाठ करून आत गेले.

मागच्या अंगणात तीन नमुने रांगेत. फूटपट्टीने ऑफिसातून दोन यंत्रं आणली, एक बंदुकीसारखं, रोखलं की वस्तू किती तापली ते सांगणारं, आणि एक लाकडाला टोचून आतली ओल मोजणारं. वही उघडली, रकाने आखले. पहिले दोन दिवस सगळं पुस्तकात असतं तसं. भर दुपारी लाकूड चव्वेचाळीस अंश, टाइल एकोणपन्नास, कॉम्पोझिट बावन्न. लाकडातली ओल बारा टक्के. छान.

तिसऱ्या दिवसापासून आकडे पिसाळले. कॉम्पोझिट अठ्ठावन्न. चौथ्या दिवशी सदुसष्ट, ऊन तेच, वारा तोच. आणि सागवान, जे पाण्याला दाद देत नाही म्हणून लोक नावा बांधतात, त्याच्यात ओल सव्वीस टक्के. फूटपट्टीला वाटलं यंत्रं बिघडली. तिने बंदूक काकाच्या कपाळावर रोखली तर छत्तीस. म्हणजे यंत्र ठीक होतं. काका तेवढ्यातही म्हणाला, बघ, मी किती थंड डोक्याचा आहे.

म्हणजे कोणीतरी लबाडी करत होतं. आता तूच सांग, तुला कोणाचा संशय आला असता? तिलाही आत्याचाच आला. टाइल तेवढी शहाण्यासारखी वागत होती. म्हणून पाचव्या दिवशी दुपारी, जेवणं होऊन घर घोरत असताना, फूटपट्टी वरच्या बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसली आणि खिडकीतून अंगणावर डोळा लावला.

आत्या आलीच नाही. आला काका. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. टॉवेल काढला तर आतून निघाला खालच्या बाथरूममधला आरसा. काकाने तो भिंतीला टेकवला, सूर्याकडे बघितलं, आरसा बोटभर कलवला, आणि सगळं ऊन बरोबर कॉम्पोझिटच्या फळीवर पाडलं. स्वतःच्या फळीवर. मग उकिडवा बसून तिला बोट लावलं, बोट भाजलं, ते तोंडात घालून चोखलं, आणि काय समाधान त्याच्या चेहऱ्यावर.

अर्ध्या तासाने आरसा घेऊन तो गेला. फूटपट्टी उठणार तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं आणि बाबा आले. हातात ओलं गोणपाट. तिला वाटलं, आता हे काकाच्या फळीला पाणी लावणार. बाबांनी आपली सागवानाची फळी उचलली, खाली गोणपाट अंथरलं, फळी वर ठेवली, आणि वरून अजून दोन मग पाणी ओतलं. मग तिथेच बसून राहिले. अंगठा फळीच्या रेषांवरून सावकाश पुढे नेला, मागे आणला, परत पुढे नेला. आजारी जनावराच्या पाठीवरून हात फिरवतात ना, तसा.

दोघं भाऊ, आपापल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला दुपारची झोप मोडून आलेले. फूटपट्टी बादलीवरून उठली ती सरळ स्वयंपाकघरात. आई भांडी पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुला काय वाटलं, आरसा दुपारचा फिरायला जातो?"

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत नसतं. भावजींना हरायचंय. तुझ्या बाबांनाही हरायचंय. लहानपणी दोघं जिंकायला भांडायचे म्हणे. ते बरं होतं, एकजण तरी जिंकायचा."

मग आईने नीट उलगडून सांगितलं. ज्या दिवशी मिस्त्री पडले त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात, पन्नास माणसांसमोर, रेडिओ बोलून गेला होता की कॉम्पोझिट असतं तर हे झालं नसतं. बोलला आणि जीभ चावली. पण व्हायचं ते झालं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवसापासून रंधा खाली ठेवला. आता काकाला दादाची माफी मागायची होती आणि मागता येत नव्हती, चोवीस तास बोलणाऱ्या माणसाला ते एकच वाक्य येत नव्हतं. म्हणून फळी भाजत होता. लाकूड जिंकेल, मग दादाला रंधा उचलावाच लागेल. आणि बाबांना वाटत होतं, आपल्या लाकडाने बापाला पाडलं, ते परत त्यांच्या पायाखाली नको. पण लाकूड नको हे सुताराने कुठल्या तोंडाने म्हणायचं. म्हणून फळी भिजवत होते.

"आणि आत्या?"

"ती एकटी सरळ खेळतेय," आई म्हणाली. "म्हणून तर कोणाला आवडत नाही."

एवढं सगळं आईला माहीत. पण एक गोष्ट आईलाही माहीत नव्हती. ती फूटपट्टीच्या कपाटात होती, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, टॉवेलात बांधलेली. आता नीट ऐक.

मिस्त्री पडले त्याच दिवशी सगळा डेक काढून टाकला, आणि त्या संध्याकाळी खालचा लाकूडफाटा उचलायला कोणी तयार नव्हतं. बाबा तर तिकडे बघतसुद्धा नव्हते. फूटपट्टीने उचलला. आणि उचलताना जी फळी मोडली होती तिचा हातभर तुकडा तिच्या हातात आला, आणि तो हलका लागला. सागवान असा हलका नसतो. तिने नखाने रंग खरवडला. आत पांढरट मऊ लाकूड, मालाच्या खोक्याला असतं तसलं, वरून सागवानी रंग देऊन बेमालूम जुळवलेलं. आणि त्याला दोन खिळे. समोरासमोर तिरके ठोकलेले, एकमेकांकडे झुकलेले. बाबांच्या डेकमध्ये एक खिळा नव्हता, बाबा वीस वर्षं फक्त स्क्रू वापरतात. तिरके खिळे ठोकणारा त्या घरात एकच हात होता.

मिस्त्रींचा. कधीतरी घरात कोणी नसताना फळी हलतेय म्हणून त्यांनी स्वतःच बदलली होती. दिसत नव्हतं तरी. लाकूड कुठलं तेही हाताला कळलं असणार, पण दुसरं जवळ नव्हतं आणि थांबायचा धीर नव्हता. आणि नंतर सगळं घर म्हणत राहिलं, दादाची फळी मोडली, आणि मिस्त्रींनी दवाखान्यात भिंतीकडे तोंड फिरवलं ते तसंच ठेवलं. लोकांना वाटलं, दुखतंय.

फूटपट्टीने तो तुकडा घरात आणला आणि तीन महिने मूग गिळून बसली. रोज बाबांच्या पेन्सिली बघायची आणि ठरवायची की आज सांगते. मग मिस्त्रींच्या खोलीत जायची आणि ठरवायची की नाही सांगत. कारण मिस्त्री म्हणायचे, सुताराने दोनच गोष्टी जपायच्या, हत्याराची धार आणि शब्द. डोळे गेले, काम गेलं, डेक गेला. उरलेलं एक तिने काढून घ्यायचं? आणि नाही घेतलं तर बाबांचं काय? चोर बसलाय खोलीत, आणि फासावर चढलाय भलताच.

आठवा दिवस. सकाळचे दहा. दोरी सोडली, चिठ्ठी काढली, दार उघडलं, आणि मिस्त्रींची खुर्ची उंबऱ्याशी आणून ठेवली. येत नव्हते. आत्याने सांगितलं, नसाल येत तर टाइल पक्की समजते. आले.

दाराबाहेर एव्हाना बसवून घेतलेल्या नव्या तुळयांवर तिन्ही नमुने तात्पुरते टाकले होते, एकेका माणसाने चढायचं, तीन पावलं चालायचं, उतरायचं. हे आठव्या दिवसाचं चालणं, मिस्त्रींच्या नियमातलंच, फक्त संध्याकाळऐवजी सकाळी. आधी टाइल. आई चढली, चालली, उतरली. मिस्त्री म्हणाले, सुरू कधी करताय. आई म्हणाली, झालंसुद्धा. मग काका. मिस्त्री म्हणाले, अजून कोणी आलं नाही का. आत्याचा चेहरा बघण्यासारखा होता, ती म्हणाली, टाइल चांगली असली की वाजत नाही, हा गुण आहे. मिस्त्री म्हणाले, चोरांसाठी आहे.

मग कॉम्पोझिट. बाबा चालले. ढब, ढब, ढब. मिस्त्रींनी मान तिरकी केली. कोणीतरी आहे, म्हणाले, गादीवर चालतंय. मग काका चालला, तेही गादीवरच. आत्या चालली, तीही. मिस्त्री म्हणाले, एकच माणूस तीनदा का चालवताय.

मग सागवान. काकाने पाय ठेवला आणि फळी बोलली, खर्रर्र टक, खर्रर्र टक. मिस्त्रींची मान सरळ झाली. म्हणाले, रेडिओ, टाचा उचल, जन्मभर फरफटतोयस. मग आत्या, त्यांनी तिला पहिल्याच पावलाला ओळखलं आणि वर सांगितलं की डावा गुडघा दुखतोय तुझा, दाखवला नाहीस ना कोणाला. आत्या उतरताना लंगडलीच. मग आई. मग बाबांची पाळी आली आणि बाबा चढेनात. उभेच राहिले, एक पाय जमिनीवर.

आत्याने संधी साधली. म्हणाली, आवाज राहू दे बाजूला, वही वाच, आकडे काय म्हणतात. फूटपट्टीने वही उघडली. आकड्यांप्रमाणे कॉम्पोझिट सदुसष्ट अंश, पाय भाजणार, बाद. आकड्यांप्रमाणे लाकडात सव्वीस टक्के ओल, कुजणार, बाद. उरली टाइल. आत्याने चष्मा काढून पुसला, जिंकलेली माणसं पुसतात तसा. काका आणि बाबा दोघांनीही एकदमच सुस्कारा टाकला आणि मग दोघांनीही एकमेकांकडे चमकून बघितलं, तू का सुस्कारा टाकलास म्हणून.

फूटपट्टीने वही मिटली. म्हणाली, हे आकडे खोटे आहेत. आणि सरळ सांगून टाकलं, आरसा, गोणपाट, बादलीवर बसून पाहिलेलं सगळं.

मग जे झालं ते बघायला तू हवी होतीस. काका बाबांकडे बघतोय, बाबा काकाकडे.

"तू तुझीच फळी भाजत होतास?" बाबा म्हणाले.

"तू तुझीच भिजवत होतास."

"का पण?"

आणि रेडिओ बंद पडला. खरंच सांगते, तोंड उघडं आणि आवाज नाही. मग म्हणाला, "दादा, मी व्हरांड्यात बोललो ते बोलायला नको होतं."

बाबा म्हणाले, "खोटं कुठे बोललास. माझ्याच फळीने पाडलं त्यांना. मी परत लाकूड घालणार नाही. टाइल घाला, प्लास्टिक घाला, काय घालायचं ते घाला, मला विचारू नका."

आत्याचा चष्मा हातातच राहिला. जिंकली होती खरी, पण असं जिंकणं तिलाही नको होतं, हे ती नंतर स्वतःच म्हणाली.

फूटपट्टीच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत टॉवेल होता. सकाळी तिने तो उचलला होता, परत ठेवला होता, परत उचलला होता. आता ती खुर्चीजवळ गेली, वाकली, आणि टॉवेलात गुंडाळलेला तुकडा तसाच्या तसा मिस्त्रींच्या मांडीवर ठेवला. उघडला नाही. कोणाला काही बोलली नाही. म्हणजे बघ, ते तो तसाच मांडीवर ठेवू शकले असते. खोलीत नेऊन उशीखाली घालू शकले असते. तिने त्यांच्यावर सोडलं.

मिस्त्रींनी टॉवेलावरून हात फिरवला. थांबले. मग एक घडी उघडली, मग दुसरी. बोटं लाकडावरून गेली, काठावरून, आणि खिळ्यांवर येऊन थांबली.

"दादा," मिस्त्री म्हणाले, "तू शेवटचा खिळा कधी ठोकलास?"

"काय?"

"खिळा, खिळा."

"वीस वर्षं झाली. मी स्क्रू वापरतो, तुम्हाला माहीतेय."

"मग हे घे, आणि सांग हे काम कोणाचं."

बाबांनी तुकडा घेतला. उलटा केला, सुलटा केला. नखाने रंग खरवडला, अगदी फूटपट्टीने खरवडला होता तिथेच. मिस्त्री सांगत होते, आवाज एकदम बारीक, की तू बाहेरगावच्या कामावर होतास, फळी हलत होती, म्हटलं एवढ्यासाठी पोराला कशाला बोलवायचं, खाली खोकं पडलेलं होतं. हाताला कळलं होतं की हे लाकूड टिकायचं नाही. म्हटलं, तू येईपर्यंत चालेल. मग तू आलास आणि सांगायची लाज वाटली. मग पडलो आणि अजूनच लाज वाटली. तीन महिने लाजच वाटतेय.

सगळ्यांना वाटलं, बाबा आता रडतील. किंवा चिडतील. बाबा तुकड्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, आणि मग तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"खोक्याचं लाकूड? डेकवर? उघड्यावर, पाण्यापावसात, खोक्याचं लाकूड? आणि हे खिळे बघा, हा एक तर वाकलाय. वाकलेला खिळा तसाच ठोकलात तुम्ही? माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं ना, तर मी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं."

"मला दिसत नव्हतं," मिस्त्री म्हणाले.

"दिसत नव्हतं तर रंग बरा जुळवलात."

मिस्त्री म्हणाले, "जुळला होता ना? तुलासुद्धा कळला नाही."

आणि आई हसली. तिला आवरलंच नाही, पदराआड पण नाही, सरळ मोठ्याने. मग आत्या, मग काका, आणि काका हसता हसता रडायला लागला आणि परत चालू झाला, आता तास दोन तास बंद होणार नव्हता. बाबा एकटे हसत नव्हते. ते अजून त्या वाकलेल्या खिळ्यावर चिडलेले होते. असे चिडून उठले, तुकडा हातात घेऊनच फाटकाबाहेर पडले, आणि थोड्या वेळाने कारखान्यातून आवाज आला. सर्रर्र. मग परत सर्रर्र. खुर्चीत मिस्त्रींनी डोळे मिटले आणि म्हणाले, पात्याला धार नाही त्याच्या, तीन महिन्यांची गंजलीय. काढेल.

नकाशातला रिकामा रकाना फूटपट्टीने त्याच दुपारी भरला. सागवान, खाली पोकळी राखून, म्हणजे वाजेल. पायऱ्या मात्र कॉम्पोझिटच्या, तिथे पाणी साचतं आणि काकाला हॉटेलवाल्यांना काहीतरी दाखवायचंच असतं. आणि नळाखाली पाय धुवायची जागा टाइलची. आत्याने ती स्वतः मोजली, तीन बाय दोन, आणि म्हणाली, घरातली एवढीच जागा शंभर वर्षं टिकेल, लिहून ठेवा.

पण मला तुला सांगायचंय ते याच्याही नंतरचं. सगळे पांगले, दाराशी दोघंच राहिली, मिस्त्री खुर्चीत आणि फूटपट्टी उंबऱ्यावर, पाय खाली सोडून. कारखान्यातून रंध्याचा आवाज चालूच. मिस्त्रींनी विचारलं, कधी सापडला होता तो तुकडा.

ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी."

"मग तीन महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

मिस्त्री म्हणाले, "मला माहीत होतं, लाकूडफाटा तू उचललास. तुझ्या हाताला ते लागलं नसेल असं होणारच नाही. मी रोज वाट बघायचो. तुझं पाऊल दाराशी आलं की वाटायचं, आज ही सांगून टाकेल आणि सुटेन."

झालं. म्हणजे अंगणात दोघं भाऊ हरायला धडपडत होते आणि घरात ही दोघं, एक सांगेल म्हणून दुसरा थांबलेला आणि दुसरा सांगेल म्हणून पहिला, आणि मधल्या मध्ये एका माणसाच्या चाळीस पेन्सिली. फूटपट्टी अजूनही म्हणते की पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बाबांचे तीन महिने वाचले असते. आणि लगेच म्हणते, पण मग ते मिस्त्रींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं नसतं.

आता बोल. तो हलका तुकडा त्या संध्याकाळी तुझ्या हातात आला असता, तर तू काय केलं असतंस?